जीप कोणाची?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गावातली जीप विकली गेली. यात वाचकांना विशेष काही वाटणार नाही. रोज कितीतरी गाड्या विकल्या जातात आणि घेतल्या जातात. परंतु ही जीप १९४३ सालची होती. दुसऱ्या महायुद्धासाठी ती अमेरिकेत तयार झाली होती आणि जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात ती सत्तर वर्षे चालत होती. ती घेण्यासाठी पुण्याहून एक गृहस्थ आले होते. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकून पाहिले, बॉनेट उघडले आणि म्हणाले, "इंजिन बदललंय. पाटे दुसऱ्याच गाडीचे आहेत. गिअरचा दांडाही हातानं केलेला दिसतो. मूळचं फार थोडं राहिलंय हो!" आणि त्यांनी किंमत जवळजवळ निम्म्यावर आणली.

माझे वडील तेथेच उभे होते. ते इंजिन त्यांनी बसवले होते. पाटेही त्यांनीच चढवले होते. दांडा त्यांनी स्वतः तापवून, ठोकून वाकवला होता. ते काहीच बोलले नाहीत. हातातले तेलकट फडके त्यांनी घडी करून खिशात घातले, एवढेच मी पाहिले.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. तो आपल्या महाविद्यालयाच्या या वार्षिकांकातून मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावा असे वाटले. जुनी वस्तू टिकते ती नेमकी कोणामुळे? आणि जो ती टिकवतो त्याने केलेली दुरुस्ती हा त्या वस्तूचा इतिहास मानायचा, की तिच्यावर पडलेला डाग?

माझे मत आधीच सांगून टाकतो. दुरुस्ती हाही इतिहास आहे, आणि ज्याच्या हाताने ती झाली तोही त्या वस्तूच्या मालकीत वाटेकरी आहे. कागदावरचा नव्हे, पण वाटेकरी आहेच. मी मिस्त्रीचा मुलगा आहे, तेव्हा माझे मत एका बाजूला झुकलेले असणार हे मान्य. तरीही ते तपासून पाहावे अशी विनंती आहे.

प्रथम या गाडीविषयी. १९४० साली अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांना जोर असणारी गाडी हवी होती. तिचा पहिला नमुना बॅन्टम नावाच्या एका लहानशा कंपनीने करून दाखवला. पण हजारोंच्या संख्येने गाड्या पुरवणे त्या कंपनीच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून मोठे काम विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांकडे गेले. १९४१ ते १९४५ या काळात या दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. एका कंपनीच्या गाडीचा भाग दुसरीच्या गाडीला बसला पाहिजे, अशी सैन्याची मागणी होती. दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी करता यावी, हा त्यामागचा सरळ हिशेब. सैन्याच्या कारखान्यांत विलीजच्या सांगाड्यावर फोर्डचे भाग आणि फोर्डच्या सांगाड्यावर विलीजचे भाग सर्रास चढले. म्हणजे ज्या गाडीत आज आपण 'मूळचे' शोधतो, ती गाडी जन्मापासूनच अदलाबदलीसाठी घडवलेली होती!

युद्ध संपल्यावर भारतात राहिलेले सैन्याचे सामान डिस्पोजलमध्ये विकले गेले. त्यात जीपगाड्याही होत्या. आमच्या गावची जीप तात्यांच्या वडिलांनी १९५२ साली सिकंदराबादेच्या बाजूला एका लिलावात घेतली. (तात्या म्हणजे गावातले एक मोठे शेतकरी. आम्ही त्यांना तात्याच म्हणत असू.) गावात मात्र वेगळीच कथा सांगतात. ही जीप म्हणे १९४८ च्या पोलीस ॲक्शनमध्ये फौजेबरोबर आली आणि निजामाच्या राजवटीचा शेवट तिने डोळ्यांनी पाहिला. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, तिला झेंडूच्या माळा घालून झेंडावंदनाला नेत. लिलावाची पावती तात्यांच्या पेटीत होती, तेव्हा कथा खरी नाही हे उघड आहे. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला असे वाटते, की खरी गोष्ट त्या कथेहून कमी मोलाची नव्हती.

खरी गोष्ट अशी. माझे आजोबा या जीपचे ड्रायव्हर होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. युद्धातल्या या सगळ्या जीपगाड्यांचे चाक, म्हणजे स्टिअरिंग, डाव्या बाजूला असे, आणि आपण रस्त्याच्या डावीकडून चालणारे. त्यामुळे पुढच्या बैलगाडीला किंवा एस.टी.ला मागे टाकायचे तर आजोबांना समोरचे दिसत नसे. यासाठी उजव्या बाजूला एक पोरगा बसवावा लागे. तो मान बाहेर काढून "जाऊ द्या!" किंवा "थांबा!" असे ओरडे. तो पोरगा म्हणजे माझे वडील. वयाच्या नवव्या वर्षापासून ते या गाडीचा उजवा डोळा होते. चौथीनंतर शाळा सुटली ती त्यामुळेच, असे ते हसत सांगतात. मला त्यात हसू येत नाही.

१९७२ च्या दुष्काळात या जीपमधून कामावरच्या मजुरांसाठी सुकडीची पोती गेली. अडलेल्या बाळंतिणी रात्री-अपरात्री परभणीला पोहोचल्या. कितीतरी वराती निघाल्या. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की एस.टी. अलीकडेच थांबे आणि जीप पलीकडे जाई. मास्तर, तलाठी, टपाल, बियाणे, सगळे तिच्यातून आले. युद्धात ती दोन-अडीच वर्षे राहिली असेल. गावात सत्तर वर्षे राहिली. मग ती लष्करी गाडी की गावची गाडी?

आता इंजिनाबद्दल. मूळचे इंजिन पेट्रोलचे, चार सिलिंडरचे, साठ अश्वशक्तीचे. वडील सांगतात की ते फार गोड चाले, पण पेट्रोल पाण्यासारखे पीत असे. १९९६ साली तात्या म्हणाले, आता परवडत नाही, भंगारात घाला. भंगारवाला किलोचा भाव सांगूनही गेला होता. तेव्हा वडील नुकतेच जिंतूर रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये स्वतंत्र काम करू लागले होते. त्यांनी अपघातात गेलेल्या एका काळ्या-पिवळ्या जीपचे डिझेल इंजिन मिळवले. महिंद्र कंपनीने मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीजच्याच जीप जोडायला सुरुवात केली होती. पुढे आपल्याकडे तीच घराणेशाही चालू राहिली, म्हणून हे इंजिन परके नव्हते, भाऊबंदच होते. तरी बैठक जुळत नव्हती. वडिलांनी नवे पाय वेल्डिंग करून घेतले, रेडिएटर पुढे सरकवला, सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टची केली. बदलाची नोंद कागदावर करून घेतली. या सगळ्याला एकवीस दिवस लागले. बाविसाव्या दिवशी जीप गावात शिरली तेव्हा आजोबा पारावर उभे राहिले होते.

म्हणजे ज्या इंजिनामुळे पुण्याच्या गृहस्थांनी किंमत पाडली, त्या इंजिनामुळेच ती जीप विकायला शिल्लक राहिली होती. ते बसले नसते तर १९९६ सालीच तिचा पत्रा वितळला असता.

हा केवळ एका खरेदीदाराच्या नजरेचा प्रश्न असता तर मी लेख लिहिला नसता. पण कायद्याची नजरही तशीच आहे. केंद्र शासनाने २०२१ सालच्या जुलै महिन्यात जुन्या वारसा-वाहनांसाठी नियम केले. त्यांना व्हिंटेज वाहने म्हणतात. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तरच तिला हा मान मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. अशी गाडी रोज रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शन, शर्यत-फेरी, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. जुन्या गाड्यांना काही संरक्षण मिळाले हे चांगलेच झाले. परंतु या व्याख्येत कोणत्या गाड्या बसतात? ज्यांना कधी पोटासाठी धावावे लागले नाही त्या. ज्यांच्या मालकापाशी झाकलेली जागा आणि परदेशातून सुटे भाग मागवण्याइतका पैसा होता त्या. दुष्काळात सुकडी वाहिलेली जीप या व्याख्येत बसत नाही.

आमच्या आजीची एक वाकळ आहे. तिला तिच्या सासूच्या लुगड्याचा, आजोबांच्या धोतराचा, माझ्या शाळेच्या सदऱ्याचा तुकडा लावलेला आहे. दर दोन-तीन वर्षांनी एखादा तुकडा विरतो आणि नवा लागतो. त्या वाकळीचे 'मूळ' कापड कोणते असे कोणी विचारले, तर आजी त्याला वेड्यात काढील. वाकळ जुनी आहे आणि ती तुकड्यांचीच आहे.

जगातही असे उदाहरण आहे. फिलिपाइन्स देशात महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे टाकलेल्या जीपगाड्या लोकांनी लांब केल्या, बाके बसवली, छत घातले, रंग दिले. तीच तिथली 'जीपनी' झाली आणि मनिला शहराची ओळख ठरली. ती मूळ स्वरूपात नाही म्हणून तिला कोणी वारशातून वगळत नाही. उलट बदल हाच तिचा वारसा आहे. आपल्याकडे काळ्या-पिवळ्या जीपांनी मराठवाड्याची खेडी तालुक्याला जोडली, तो इतिहास मात्र अजून कोणाला लिहावासा वाटलेला नाही.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मूळ स्वरूपाचा आग्रह धरणारे सगळेच हौशी श्रीमंत नसतात. शंभर बदललेल्या गाड्यांत एक तरी जशीच्या तशी राहिली पाहिजे, नाहीतर ती मुळात कशी होती हे पुढच्यांना कळणार कसे? हा मुद्दा मला पटतो. मूळ गाडी म्हणजे एक प्रकारचा अस्सल दस्तऐवज. शिवाय पुण्या-मुंबईच्या या मंडळींनी पैसा आणि वेळ खर्च केला नसता तर कितीतरी गाड्या भंगारात गेल्या असत्या. आणि प्रत्येक जुगाड पूजनीय असतो असेही नाही. तार बांधून ब्रेक चालवणाऱ्यांना माझे वडील मिस्त्री म्हणत नाहीत. "ही दुरुस्ती न्हाई, ही येळ मारून नेणं हाय," असे म्हणतात. माझे म्हणणे एवढेच, की विचारपूर्वक केलेली दुरुस्ती आणि वेळ मारून नेणे यांत फरक करायला आपण शिकले पाहिजे. 'बदललेले' या एकाच शब्दाने दोन्ही मोडीत काढू नयेत.

गेल्या वर्षी आपल्या वर्गाची सहल अहिल्यानगरला, म्हणजे तेव्हाच्या बोलण्यातल्या नगरला गेली होती. तेथील रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. रोल्स रॉईसची चिलखती गाडी, इंग्रजांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल रणगाडे, आपला विजयंता, पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन, हे सगळे झाडांच्या सावलीत ओळीने उभे आहे. राष्ट्राने ते जपले याचा अभिमान वाटतो. पॅटनसमोर आमच्या सरांनी १९६५ च्या लढाईची आठवण सांगितली. असल उत्तरच्या रणांगणावर अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटन रणगाडे फोडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. सगळे पॅटनकडे पाहत होते. माझ्या मनात ती जीप होती. तिची तोफ कोणी घट्ट केली असेल? त्या सकाळी ती पहिल्या झटक्यात सुरू व्हावी म्हणून रात्री तिच्याखाली कोण निजले असेल? वीराचे नाव सोन्याच्या अक्षरांत लिहावे, ते योग्यच आहे. पण त्याच्या खाली लहान अक्षरांत आणखी एखादे नाव लिहिल्याने वीराचे मोठेपण कमी होत नाही.

घरी आल्यावर मी वडिलांना हे सांगितले. त्यांनी मला जीपपाशी नेले. तिचे पुढचे दिवे बिजागरीवर बसवलेले असत. एक खिटी ढिली केली की दिवा मागे फिरतो आणि त्याचा उजेड सरळ इंजिनावर पडतो, म्हणजे अंधारात एकट्या माणसाला दुरुस्ती करता येते. वडील म्हणाले, "ज्यानं ही गाडी केली त्यानं मिस्त्रीचा इचार आधी केला व्हता." या एका वाक्यात माझ्या सगळ्या लेखाचा आशय आहे. गाडी करणाऱ्याला जे कळले होते, ते तिची किंमत करणाऱ्यांना कळलेले नाही.

आणखी एक गोष्ट. वडिलांपाशी एक पत्र्याचा डबा आहे. त्यात काही जुने नटबोल्ट वेगळे ठेवलेले असत. त्यांच्या माथ्यावर इंग्रजी 'एफ' कोरलेला. चौथी शिकलेल्या माणसाला तेवढे अक्षर येत होते. "एफवाल्याचे आटे लवकर जात न्हाईत," एवढेच त्यांना ठाऊक. मी ग्रंथालयात वाचून शोधले, की फोर्ड कंपनी आपल्या भागांवर 'एफ' उमटवत असे. म्हणजे आमची विलीजची जीप मुळातच फोर्डचे नट अंगावर घेऊन आली होती. मी हे मोठ्या उत्साहाने वडिलांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मंग बरंच झालं की. तुझं बी बराबर, माझं बी बराबर." पुस्तकाने नाव दिले, हाताने गुण आधीच ओळखला होता. दोन्ही विद्याच. पण एकीला पदवी आहे आणि दुसरीला नाही.

आणि येथे मला माझ्याविषयीही बोलले पाहिजे. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. वडिलांनी मला शेडमध्ये बॅटरी धरायला बसवले, पण पाना कधी हातात दिला नाही. "तुझे हात काळे व्हायचे न्हाईत," असे म्हणून त्यांनी मला येथे पाठवले. त्यांच्या शेडमध्ये आज एकही शिकाऊ पोरगा नाही. म्हणजे ज्ञानाची ही परंपरा माझ्यापाशी येऊन तुटते. पुण्याच्या गृहस्थांना मी काय दोष द्यावा? वडिलांच्या विद्येची किंमत त्यांनी निम्म्याने कमी केली. मी तर ती घेतलीच नाही.

जीप गेल्यावर दीड महिन्याने एका संध्याकाळी त्या गृहस्थांचा फोन आला. गाडी तिसऱ्या गिअरमधून सुटत होती आणि तिथल्या दोन कारागिरांना कारण सापडत नव्हते. वडिलांनी विचारले, "चढावर सुटती का उतारावर?" उतारावर, असे उत्तर आले. मग वडिलांनी सांगितले, की वरच्या झाकणात स्प्रिंग आणि गोळी आहे. गोळी मूळची नाही, बेअरिंगमधली घातलेली आहे, किंचित लहान आहे, म्हणून स्प्रिंगखाली एक पातळ वायसर ठेवलेला आहे. गाडी उघडताना तो पडला असेल. तसेच निघाले. ते गृहस्थ भले होते. त्यांनी आभार मानले आणि म्हणाले, "मिस्त्री, हे कुठं लिहून ठेवलेलं नाही हो!"

त्या रात्री मी शंभर पानी वही घेतली. वडील सांगत गेले, मी लिहीत गेलो. कोणता भाग कोणत्या साली बदलला, कोणत्या गाडीचा लागला, का लागला, मोडला तेव्हा गाडीत कोण होते. अकरा रात्री लागल्या. पाना मला धरता येत नाही, पण लेखणी धरता येते. तेवढे तरी कर्ज फिटावे. वहीची एक नक्कल पुण्याला पाठवली आहे. गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्यापाशी तिची कुंडली असावी, यात गैर काही नाही.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी पदवी नाही, पण विद्या आहे. कोणाचे वडील विहिरीवरचे इंजिन आवाजावरून ओळखतात, कोणाची आई वाकळ शिवते, कोणाचे काका लेथवर बसतात. आपण येथे येऊन इतिहासाच्या तासाला इतरांच्या बखरी वाचतो. आपल्या घरातली बखर कोण लिहिणार? माझी गुरुजनांना नम्र सूचना आहे, की इतिहास विभागाने दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एका कारागिराची एक वही लिहून घ्यावी. परभणीतल्या नुसत्या जुन्या मिस्त्रींपासून सुरुवात केली तरी पाच वर्षांत एक कपाट भरेल. आणि शासनानेही वारसा-वाहनांच्या नियमात आणखी एक वर्ग ठेवावा. मूळ स्वरूपात नसलेल्या, पण ज्यांच्या प्रत्येक दुरुस्तीची लेखी नोंद आहे अशा जुन्या गाड्यांना त्यात जागा असावी.

जीप कोणाची, या प्रश्नाला कायद्याचे उत्तर एकच आहे आणि ते मला मान्य आहे. ज्याचे नाव कागदावर, त्याची. माझे मागणे फक्त त्या कागदाला आणखी एक पान जोडण्याचे आहे.